पैसे कुणाच्या खात्यात पडतात?



गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, आणि आमच्याकडे एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "यंदा कोकम सरबत, आगळ, आंबापोळी, फणसपोळी, सगळं मिळून पन्नास हजारांच्या वर माल गेला. पुढच्या हंगामात दुप्पट करायचा म्हणून बँकेत कर्ज मागायला गेले. साहेबांनी विचारलं, तुमची उलाढाल कुठे दिसते? मी पासबुक दाखवलं, तर त्यात काहीच नव्हतं. क्यूआर माझ्या मुलाच्या मोबाइलचा होता ना! सगळे पैसे त्याच्या खात्यात. धंदा माझा, आणि कागदावर मी रिकामी."

मुलाने पैसे बुडवले नव्हते. आईला लागतील तसे तो देत होता. घरात भांडण नव्हतं, कुणाची चूक नव्हती. तरी त्या ताईंचं मोठं नुकसान झालं. चार महिने राबून जी पत तयार झाली, ती दुसऱ्याच्या नावावर जमा झाली.

म्हणून आज आपण दोन गोष्टी एकत्र बोलणार आहोत. गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यायचे, आणि धंद्याला पैसे कुठून उभे करायचे. आपल्याला वाटतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आज पैसे ज्या वाटेने घेता, त्यावर उद्या कर्ज कोण देणार आणि किती व्याजाने देणार, हे बरंचसं ठरतं.

आधी एक जुनी गोष्ट

आपला रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, बायको-मुलं गावाला, आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमनची वाट. त्या गिरणी कामगाराला मुंबईत जेवायला कोण घालायचं? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका. एका खोलीत चूल, दहा-वीस माणसांचे डबे.

त्या बायकांची अडचण काय होती, नीट ऐका. कामगार जेवायचा रोज, पैसे द्यायचा महिन्याने, पगार झाल्यावर. पण तांदूळ, डाळ, तेल तर रोज लागणार. मग वाण्याकडून उधारीवर महाग माल घ्यायचा, नाहीतर सावकाराकडे दागिना ठेवायचा. धंदा चांगला चालायचा, पण नफा वाण्याच्या आणि सावकाराच्या घरी जायचा. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं. बायका त्याच, चूल तीच, कष्ट तेवढेच. बदललं ते एवढंच, की पैसा रास्त व्याजाने मिळू लागला.

आपल्या कोकम-आंब्याच्या धंद्याचीही नाडी तीच आहे. खर्च आधी, पैसे नंतर. एप्रिल-मेमध्ये रातांबे, आंबे, साखर, बाटल्या, लेबलं, सगळं रोखीने घ्यायचं. विक्री गणपतीत, दिवाळीत आणि पुढच्या उन्हाळ्यात. मधल्या या दिवसांत धंदा तगवायला जो पैसा लागतो त्याला खेळतं भांडवल म्हणतात. ते कुठून आणायचं, हा खरा प्रश्न. त्याकडे येऊच. आधी पैसे घेण्याचं बघू.

पैसे घ्यायच्या वाटा

पहिली वाट रोखीची. रोख वाईट नाही. आपल्या वाड्या-वस्त्यांवर रेंज नसते, पावसात लाइट जाते, आठवडा बाजारात मोबाइलची बॅटरी संपते. तेव्हा रोखच उपयोगी पडते. तिचा दोष एकच. ती हातात येते आणि हातातूनच जाते. संध्याकाळी भाजी, मुलाची फी, दिराची उसनवारी, आणि धंद्यात किती आले ते कुणालाच कळत नाही. म्हणून रोख घ्या, पण दोन नियम पाळा. धंद्याचा डबा वेगळा, आणि आठवड्यातून एकदा तो डबा आपल्या खात्यात जमा. गावातल्या बँक सखीकडे भरलात तरी चालेल. पासबुकात दिसला तोच पैसा बँकेच्या लेखी खरा.

दुसरी वाट यूपीआयची, म्हणजे क्यूआर कोडची. २०१६ साली ही सोय आपल्या देशात सुरू झाली आणि आता शहाळंवालाही ती वापरतो. गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक पाकिटात पैसे घेऊन फिरत नाही, तो आधी विचारतो, "ताई, स्कॅनर आहे का?" नसेल तर पुढच्या टपरीवर जातो.

बऱ्याच जणी विचारतात, यात आपले पैसे कापले जातात का? गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून आपल्या खात्यात यूपीआयने येणाऱ्या पैशांवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असा नियम १ जानेवारी २०२० पासून आहे. रूपे डेबिट कार्डालाही तोच नियम. शंभराची बाटली विकली तर शंभरच जमा झाले पाहिजेत. गिऱ्हाईक क्रेडिट कार्डातून किंवा वॉलेटमधून देत असेल तर काही वेळा शुल्क लागू शकतं. क्यूआर देणाऱ्याला आधीच विचारायचं, "कशाकशावर कापता, आणि किती?"

तिसरी गोष्ट, "अमुक रुपये प्राप्त झाले" असं बोलणारा डबा. तो फुकट नसतो, त्याला बहुधा महिन्याचं भाडं असतं. समजा भाडं १०० रुपये आहे. वर्षाचे झाले १,२००. तुम्हाला एका बाटलीमागे २० रुपये सुटत असतील, तर ६० बाटल्यांचा नफा त्या डब्याच्या भाड्यात गेला. रोजचं दुकान असेल, गर्दी असेल, तर डबा परवडतो, फसवणूकही टळते. पण वर्षातले चारच महिने स्टॉल लावत असाल, तर हंगाम संपला तरी भाडं चालूच राहतं. घ्यायच्या आधी विचारा, मध्येच बंद करता येतो का? अनामत परत मिळते का? भाडं कुठल्या खात्यातून कापलं जाणार?

चौथी वाट कार्ड मशीनची. मोठ्या प्रदर्शनात, जसं मुंबईचं महालक्ष्मी सरस, तिथे हजार-दोन हजारांची खरेदी करणारी गिऱ्हाइकं येतात. तिथे ती उपयोगी पडू शकते. पण मशीनला भाडं असतं, आणि क्रेडिट कार्डाच्या रकमेवर टक्केवारी कापली जाते. समजा २ टक्के कापले, तर ५०० रुपयांवर १० रुपये गेले. १०० रुपयांना ४०-५० सुटत असतील तर चालेल. दहाच सुटत असतील तर विचार करा. सुरुवात करणाऱ्या गटाला मशीनची घाई नको.

पाचवी वाट मोठ्या गिऱ्हाइकाची. मुंबई-पुण्याचा दुकानदार शंभर बाटल्या मागवतो आणि म्हणतो, "विकल्या की पाठवतो." इथे पैसे थेट गटाच्या बँक खात्यात मागवा, नाहीतर चेकने. निम्मे आगाऊ मागायला लाजू नका. माल पाठवताना बिल आणि पोच ठेवा. उधार द्यायचं असेल तर किती दिवसांचं, ते कागदावर लिहून घ्या. तुम्ही बनवलेला माल आहे आणि तुमची उद्यम नोंदणी झालेली आहे, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. ही उद्यम नोंदणी सरकारकडे मोफत होते. त्यासाठी कुणी एजंट हजार रुपये मागत असेल तर देऊ नका.

क्यूआर कुणाच्या नावाचा?

आता मूळ मुद्दा. क्यूआर हा नुसता कागद आहे. त्याच्या मागे एक बँक खातं असतं. ते कुणाचं, हे बघा. नवऱ्याचं, मुलाचं, की तुमचं? धंदा तुमचा असेल तर खातं तुमच्या नावाचं हवं, मोबाइल नंबर तुमचा हवा, आणि यूपीआयचा पिन फक्त तुम्हाला माहीत हवा.

घरी हे बोलायचं कसं, हा प्रश्न पडतो. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ऐकावं लागतं. तेव्हा भांडू नका. सांगा, "विश्वासाचा प्रश्न नाही. बँक माझ्या पासबुकावर कर्ज देणार आहे, ते रिकामं राहिलं तर कर्ज मिळणार नाही." हे खरंच आहे, आणि घरातल्या माणसाला पटतंही.

शक्य असेल तर धंद्यासाठी वेगळं खातं ठेवा. रोजगार हमीची मजुरी, गॅसची सबसिडी एका खात्यात, धंद्याचे पैसे दुसऱ्यात. वर्षअखेरीला बँकेतून उतारा काढला, की धंद्याची पूर्ण कुंडली एका कागदावर. उलाढाल वाढली तर बँक चालू खातं उघडायला सांगेल. त्याला किमान शिल्लक किती लागते, ते आधी विचारून घ्या.

धंदा गटाचा असेल तर एका सदस्येच्या खात्यात सगळ्यांचे पैसे नकोत. ती कितीही प्रामाणिक असो. उद्या तिच्या घरी आजारपण आलं, तिच्या खात्यातून कर्जाचा हप्ता आपोआप कापला गेला, तर गटात संशय शिरतो आणि गट फुटतो. गटाचं खातं दोन-तीन सह्यांवर चालतं. त्या खात्याला पैसे घेण्यापुरता क्यूआर मिळेल का, हे शाखेत जाऊन विचारा. मिळेपर्यंत जिच्या क्यूआरवर पैसे येतील तिने दर आठवड्याला ते गटाच्या खात्यात वळवायचे आणि बैठकीत उतारा वाचून दाखवायचा. तसा ठराव इतिवृत्तात लिहा.

टॅक्सची भीतीही बऱ्याच जणींना असते. क्यूआर लावला म्हणून टॅक्स लागत नाही. टॅक्स उत्पन्नावर आणि उलाढालीवर असतो, पैसे रोख आले की मोबाइलवर, याने फरक पडत नाही. आपल्या राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. आपण अजून तिथे पोचायचो आहोत. पोचलो तर पेढे वाटू.

आणि फसवणुकीबद्दल चार गोष्टी पाठच करा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. "पैसे पाठवतो, पिन टाका" असं कुणी म्हणालं की तो चोर. दुसरं, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा फोटो बघून माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा झाल्याचा निरोप आपल्या मोबाइलवर बघा. तिसरं, रोज सकाळी स्टॉल लावताना स्वतःच एक रुपया पाठवून बघा, क्यूआरवर कुणी दुसरा कागद तर चिकटवला नाही ना. चौथं, फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता कर्जाचं

कर्ज म्हटलं की आपण आधी विचारतो, "हप्ता किती?" खरं तर तीन प्रश्न विचारायला हवेत. व्याज एकूण किती जाणार? हप्ता कधीपासून सुरू होणार? आणि तारण काय?

एक हिशेब करू. समजा एका गटाला मे महिन्याच्या सुरुवातीला माल भरायला ६० हजार रुपये लागतात. मे, जून, जुलै विक्री नाही. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याच्या शेवटी १५ हजार सुटतात आणि ते परत भरले जातात. हेच ६० हजार तीन ठिकाणांहून घेतले तर काय होतं?

सावकाराकडून दरमहा शेकडा पाच रुपयांनी घेतले, तर पहिले चार महिने तीन-तीन हजार व्याज, मग मुद्दल घटेल तसं कमी. एकूण व्याज १६,५०० रुपये.

गटाच्या अंतर्गत कर्जातून दरमहा शेकडा दोनने घेतले, तर एकूण व्याज ६,६०० रुपये. पण हे व्याज गटाच्याच पेटीत राहतं, म्हणजे आपलंच.

बँकेच्या गट कर्जातून वर्षाला ७ टक्क्यांनी घेतले, तर एकूण व्याज १,९२५ रुपये.

माल तोच, मेहनत तीच. फरक साडेचौदा हजारांचा! दहा जणींचा गट असेल तर प्रत्येकीचे जवळजवळ दीड हजार सावकाराच्या ओसरीवर ठेवून आलो असतो. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मग बँकेकडे का जात नाही? "बँक तारण मागते," असं आपण ऐकलेलं असतं. तर नीट ऐका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागायचं नाही, आणि गटाच्या बचत खात्यातली रक्कमही अडवून ठेवायची नाही. उमेद अभियानातल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. गट किमान सहा महिने नीट चाललेला हवा. नीट म्हणजे काय, तर आपली पंचसूत्री. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. रजिस्टर पूर्ण नसेल तर अर्ज घेऊन जाऊच नका, आधी रजिस्टर पूर्ण करा.

बँकेत जाताना आणखी एक शब्द लक्षात ठेवा, कॅश क्रेडिट. मुदत कर्जात सगळी रक्कम एकदम हातात येते, सगळ्या रकमेवर व्याज चालू होतं आणि हप्ते लगेच सुरू होतात. कॅश क्रेडिटमध्ये बँक एक मर्यादा ठरवून देते. लागतील तेव्हा लागतील तेवढे काढायचे, विक्री झाली की भरायचे, आणि व्याज फक्त काढलेल्या रकमेवर. आपल्या हंगामी धंद्याला हे फार सोयीचं. यंत्र घ्यायचं असेल, पल्पर, सीलिंग मशीन, ड्रायर, तर मुदत कर्ज. फळ, साखर, बाटल्या घ्यायच्या असतील तर कॅश क्रेडिट. हे उलटं केलं की पंचाईत होते. बाटल्यांसाठी तीन वर्षांचं कर्ज काढलं तर माल विकून पैसे संपतात आणि हप्ते मागे राहतात. मशीनमध्ये खेळता पैसा अडकला तर पुढच्या हंगामात फळ घ्यायला हातात काही उरत नाही.

एकटीचा धंदा असेल तर

एकटीने शिलाई, घावणे-मोदकांच्या ऑर्डरी, सुक्या मासळीचा धंदा करणारीला मुद्रा कर्ज आहे. ही योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. पण हे अनुदान नाही, कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं आहे.

खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आहे, कृषी विभागाकडून चालते. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. अन्न प्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्येला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही आहे, पण ते गटामार्फत कर्ज म्हणून मिळतं, परत फिरवायचं असतं. जिल्हा उद्योग केंद्राकडे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, त्यात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अशा योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या आधी कार्यालयात चौकशी करा.

आणि एक गैरसमज काढून टाका. अनुदान म्हणजे हातात मिळणारे पैसे नव्हेत. बँक आधी कर्ज मंजूर करते, अनुदानाची रक्कम कर्जाशी जोडून बाजूला ठेवली जाते, आणि धंदा नीट चालला, हप्ते वेळेवर गेले, तर साधारण तीन वर्षांनी ती कर्जात वळती होते. हप्ते थकले तर अनुदानावर पाणी सोडावं लागतं. "अनुदान मिळवून देतो, दहा टक्के द्या" म्हणणाऱ्या दलालाला ओटीवरही बसवू नका. अनुदानासाठी धंदा काढू नका, धंद्यासाठी अनुदान घ्या.

घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज लवकर मिळतं आणि सावकारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पण दागिना सोडवायची तारीख डोळ्यासमोर असेल तरच ठेवा. मुदत उलटली तर लिलाव होतो.

दारात येणारं कर्ज

आता दारात येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्या. पाच-दहा बायकांचा गट करतात, दोन दिवसांत पैसे देतात. अडीनडीला लोक घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपला मघाचा हिशेब आठवा. समजा ६० हजार, वर्षाला २४ टक्के, बारा हप्ते. हप्ता झाला सुमारे ५,६७४ रुपये, आणि तो पहिल्याच महिन्यापासून. जूनमध्ये विक्री कुठे आहे? मग हप्त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं कर्ज, त्याच्या हप्त्यासाठी तिसऱ्याचं. बाया अडकतात त्या इथेच.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तुमच्या बाजूचे आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या अशा कर्जाला तारण घ्यायचं नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड घ्यायचा नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, शिवीगाळ-दमदाटी करायची नाही. आणि कर्जाचं माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं. तक्रार केली आणि कंपनीने किंवा बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपपासून तर दहा हात लांब. जे अॅप तुमचे फोटो आणि फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागतं, ते पुढे तुमच्या माहेरच्यांना फोन करून बदनामी करतं. नियमाने कर्ज देणाऱ्याला तुमच्या फोनमधले नंबर घ्यायची परवानगीच नाही.

व्याजाचा दर ऐकताना एक शब्द कान देऊन ऐका. "फ्लॅट" म्हणतात का? समजा ५० हजार, बारा महिने, १२ टक्के. घटत्या शिल्लकीवर व्याज असेल तर वर्षात सुमारे ३,३०९ रुपये जातात. फ्लॅट असेल तर ६,००० रुपये. दर दोन्हीकडे बाराच सांगितला, पण पैसे जवळजवळ दुप्पट. कारण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही व्याज चालू राहतं. म्हणून दर विचारू नका, विचारा, "मला एकूण किती रुपये परत द्यायचे?" त्यात फाइलचा खर्च, विमा, सगळं धरून सांगा म्हणावं. आणि ते कागदावर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत काय कराल?

मैत्रिणींनो, ऐकून सोडून देऊ नका. पुढच्या बैठकीत चार कामं करा.

प्रत्येकीने आपला क्यूआर कुणाच्या खात्याला जोडलाय ते सांगायचं. दुसऱ्याच्या असेल तर महिन्याभरात बदलायचा.

गटाच्या धंद्याचा बारा महिन्यांचा तक्ता काढायचा. कुठल्या महिन्यात किती खर्च, कुठल्या महिन्यात किती विक्री. हा एक कागद घेऊन बँकेत गेलात की कॅश क्रेडिट का हवं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

कोणाकोणाची किती कर्जं बाहेर आहेत, ते एकमेकींना खरं सांगायचं. लपवलं तर गटाचं नवीन कर्ज जुन्या हप्त्यांत जातं. आपल्या नावावर कुठली कर्जं दिसतात, त्याचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. उमेदच्या ताईंच्या किंवा बँक सखीच्या मदतीने तो काढा.

आणि कागद गोळा करायचे. उद्यम नोंदणी, खाण्याच्या पदार्थांची अन्न सुरक्षा नोंदणी, गटाचं पासबुक, पूर्ण लिहिलेली रजिस्टरं, कच्च्या मालाची बिलं.

त्या फोन करणाऱ्या ताईंना आम्ही हेच सांगितलं. त्यांनी स्वतःच्या नावाचा क्यूआर घेतला आहे. दिवाळीची विक्री त्यांच्याच खात्यात जमा होईल. कर्ज अजून मिळालेलं नाही, आणि या मे महिन्याआधी मिळेलच असंही नाही. पण पुढच्या वेळी साहेबांनी "उलाढाल कुठे दिसते?" असं विचारलं, की त्या पासबुक उघडून समोर ठेवतील. मध्ये मुलाला हाक मारावी लागणार नाही.

तुमच्या गटाचा अनुभव आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार.